हृदयाचे दौर्बल्य : अव्यक्त अवस्थेतील ओळख आणि विरळ हेतू

हृदय, बस्ति आणि शिर या तीन मर्मांच्या रक्षणाविषयी आपल्या संहिता विशेष आग्रही आहेत. चरकांनी चिकित्सास्थानात त्रिमर्मीय हा स्वतंत्र अध्याय योजिला; सुश्रुतांनी उत्तरतंत्रात हृद्रोगप्रतिषेध सांगितला. वातज, पित्तज, कफज, सान्निपातिक व कृमिज असे हृद्रोगाचे पाच प्रकार आपण सर्वांनी पदवीच्या अभ्यासक्रमात पाठ केलेले आहेत. तथापि प्रत्यक्ष चिकित्सालयात हृद्रोग हा शब्द आज फार संकुचित अर्थाने वापरला जातो. छातीत कळ आली, घाम फुटला, ईसीजीत बिघाड दिसला, अँजिओग्राफीत अडथळा सापडला की तो हृद्रोग. एरवी नाही, अशी रुग्णांची आणि काही अंशी आपलीही समजूत झालेली आहे.

वस्तुस्थिती अशी की, हृदय जेव्हा हळूहळू थकू लागते तेव्हा रुग्ण हृदयाचे नावही घेत नाही. त्याची तक्रार श्वासाची असते, पायांच्या सुजेची असते, अग्निमांद्याची असते, अथवा केवळ थकव्याची असते. असा रुग्ण हृद्रोगतज्ज्ञाकडे जात नाही. तो प्रथम आपल्याकडे येतो, किंवा त्याहीपूर्वी औषधी दुकानाच्या काउंटरवर उभा राहतो. म्हणून हृदयाचे दौर्बल्य अव्यक्त अवस्थेत ओळखण्याची संधी जितकी वैद्य व औषधविक्रेते यांना मिळते, तितकी क्वचितच अन्य कोणास मिळत असेल. ती संधी कशी साधावी, आणि दौर्बल्य आढळल्यावर त्याचा हेतू कसा शोधावा, या दोन प्रश्नांचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करीत आहोत.

हृदयाचे कार्य कोठे बिघडते?

हृदयाची दोन कर्मे आहेत : आकुंचन पावून रक्त पुढे ढकलणे आणि प्रसरण पावून ते आत घेणे. डाव्या जवनिकेत भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्यास किती टक्के रक्त बाहेर पडते, त्या प्रमाणास इजेक्शन फ्रॅक्शन म्हणतात. प्राकृत अवस्थेत ते साधारण ५५ ते ७० टक्के असते. ते ४० टक्के किंवा त्याहून कमी झाल्यास आकुंचन क्षीण झाले असे मानतात.

परंतु कित्येक रुग्णांत आकुंचन उत्तम असते आणि बिघाड प्रसरणात असतो. हृदयाची भिंत ताठर होते, ती सैल पडत नाही, रक्त आत घेताना आतील दाब वाढतो आणि तो दाब मागे फुप्फुसांवर पडतो. दीर्घकाळ रक्तदाब असलेल्या, मधुमेही, स्थूल आणि वृद्ध रुग्णांत, विशेषतः वृद्ध स्त्रियांत, हा प्रकार वारंवार दिसतो. अशा रुग्णाच्या एको अहवालात ‘इजेक्शन फ्रॅक्शन ६० टक्के’ एवढेच वाचून हृदय निर्दोष ठरविणे योग्य नाही. संपूर्ण अहवाल वाचला पाहिजे.

क्रियाकाल आणि अवस्था

सुश्रुतांनी सूत्रस्थानात संचय, प्रकोप, प्रसर, स्थानसंश्रय, व्यक्ति आणि भेद असे सहा क्रियाकाल वर्णिले आहेत. जो वैद्य व्याधी व्यक्त होण्यापूर्वी दोषांची गती जाणतो तोच खरा चिकित्सक, हा त्यामागील विचार आहे. पाश्चात्त्य वैद्यकानेही इ. स. २००१ मध्ये हृदयाच्या कार्यन्यूनतेची अशीच अवस्थानुरूप मांडणी स्वीकारली. पहिल्या अवस्थेत रक्तदाब, मधुमेह यांसारखे हेतू असतात, पण हृदय निरोगी असते. दुसऱ्या अवस्थेत हृदयाच्या रचनेत वा कार्यात बदल होतो, पण लक्षण नसते. तिसरीत लक्षणे व्यक्त होतात. चौथी असाध्यप्राय असते. या चार अवस्था व सहा क्रियाकाल तंतोतंत एकच आहेत असे आम्ही म्हणत नाही. तथापि दुसरी अवस्था आपल्या स्थानसंश्रयाच्या कल्पनेशी पुष्कळ मिळतीजुळती आहे, आणि चिकित्सेला सर्वाधिक यश येण्याचा काळ हाच होय.

रुग्णास काय विचारावे?

‘दम लागतो का?’ एवढ्या प्रश्नाने भागत नाही. रुग्ण नकळत आपले श्रम कमी करीत जातो आणि मग दम लागत नाही असे सांगतो. म्हणून पुढील प्रश्न विचारावेत :

१) गतवर्षी जे काम सहज होत असे, जिना, विहिरीचे पाणी, बाजाराची पिशवी, ते आज करता येते का?

२) झोपताना उशा किती लागतात? पूर्वी किती लागत?

३) झोप लागल्यावर तास-दोन तासांनी गुदमरून उठून बसावे लागते का? आडवे झाल्यावर कोरडा खोकला येतो का?

४) पुढे वाकून चप्पल घालताना वा केर काढताना लगेच दम लागतो का? वाकल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आत दम लागणे हे हृदयातील दाब वाढल्याचे चिन्ह असू शकते.

५) रात्री मूत्रप्रवृत्तीसाठी किती वेळा उठावे लागते? दिवसा पायांत साचलेला द्रव आडवे झाल्यावर रक्तात परततो आणि रात्री मूत्ररूपाने बाहेर पडतो. असा पुरुष रुग्ण कित्येकदा प्रोस्टेटचा म्हणून गणला जातो.

६) थोड्या अन्नानेच पोट भरते का, उजव्या कुशीत जडपणा वाटतो का? यकृतात रक्त साचल्याने हे घडते आणि आपण त्यास केवळ अग्निमांद्य समजून पाचन देत राहतो.

तमक श्वास आणि हृदयजन्य श्वास यांचा भेद येथे महत्त्वाचा आहे. आयुष्यात कधीही दम्याचा त्रास नसलेल्या, पन्नाशी उलटलेल्या मनुष्यास रात्रीचा श्वास सुरू झाला तर प्रथम हृदयाची शंका घ्यावी. अशा रुग्णाच्या छातीतही घरघर ऐकू येते, त्यामुळे फसगत होते.

परीक्षण

नाडीपरीक्षा हा आपला विशेष. नाडी नियमित चालत असूनही एक ठोका सबळ व पुढचा दुर्बल, असा क्रम सतत जाणवल्यास डाव्या जवनिकेचे आकुंचन बरेच क्षीण झाल्याचा तो पुरावा असतो. हे चिन्ह पाश्चात्त्य वैद्यकात १८७२ पासून ज्ञात आहे. नाडी पूर्णतः अनियमित असेल तर ईसीजी त्वरित काढावा. विश्रांतीतही नाडीचा वेग सतत शंभराच्या पुढे असणे ही गोष्ट कधीही दुर्लक्षू नये. कारण वेगवान ठोके हे जसे दुर्बल हृदयाचे लक्षण असतात, तसेच ते आठवडे-महिने टिकले तर स्वतःच हृदयाला दुर्बल करतात. वेग आवरला की असे हृदय बहुधा पूर्ववत होते.

रुग्णास ४५ अंशांत टेकवून मानेच्या शिरा पाहाव्यात. उरोस्थीच्या कोनापासून तीन-चार सेंटिमीटरपेक्षा वर स्पंदन दिसल्यास उजव्या बाजूचा दाब वाढलेला असतो. नडगीवर अंगठ्याने दाबून खळगा पाहावा. मात्र शोथ दिसू लागेपर्यंत शरीरात काही लिटर द्रव साचलेला असतो, म्हणून शोथापेक्षा वजन अधिक लवकर बोलते. तीन दिवसांत दोन किलो वजन वाढणे म्हणजे मेद नव्हे, तो द्रव होय. प्रत्येक चिकित्सालयात आणि शक्य तर प्रत्येक औषधी दुकानात एक चांगला वजनकाटा असावा, असे आम्ही आग्रहाने सुचवितो.

तपासण्यांपैकी ईसीजी सर्वत्र उपलब्ध आहे. तो संपूर्ण प्राकृत असल्यास आकुंचनाचा मोठा दोष असण्याची शक्यता बरीच कमी होते. एनटी-प्रोबीएनपी ही रक्ततपासणी हृदयाच्या भिंतीवरील ताण दर्शविते. बाह्यरुग्णात ती १२५ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षा कमी आल्यास श्वासाचे कारण हृदय नसावे असा कौल मिळतो. वार्धक्य, वृक्कविकार व अनियमित नाडी यांत हे मूल्य वाढते, तर स्थूल रुग्णांत ते फसवे कमी येते, हे ध्यानी असावे. त्यानंतर टू-डी एको. त्यातील स्ट्रेन या मापनाने हृदयाच्या लांबीच्या दिशेने होणारे आकुंचन मोजले जाते. प्राकृत मान सुमारे २० टक्के असून, इजेक्शन फ्रॅक्शन घसरण्यापूर्वीच हे मान घसरू लागते.

हेतू सदैव ‘ब्लॉकेज’ नसतो

हृदय दुर्बल असल्याचे कळले की निदान पूर्ण झाले असे मानणे ही मोठी त्रुटी होय. निदानपंचकात हेतूला प्रथम स्थान आहे ते उगाच नव्हे. रक्तवाहिन्यांतील अडथळा, उच्च रक्तदाब आणि आमवातज्वरामुळे झालेले झडपांचे विकार ही आपल्याकडील नित्याची कारणे. पण काही कारणे विरळ असली तरी ती दूर केल्यास हृदय पुन्हा सबळ होऊ शकते. ती आपल्या स्मरणात नसतील तर ती सापडणार नाहीत.

*अन्नज हेतू.* जपानी आरमारात एके काळी बेरीबेरीने खलाशी मोठ्या संख्येने आजारी पडत व मरत. तेथील वैद्यकप्रमुख ताकाकी यांनी १८८४ मध्ये एका जहाजावरील आहार बदलून पाहिला आणि रोग जवळजवळ नाहीसा झाला. सडलेल्या तांदळातून निघून जाणारे थायमिन हे त्याचे मूळ, हे पुढे स्पष्ट झाले; या शोधमालिकेतील कार्याबद्दल आइकमन यांना १९२९ चे नोबेल मिळाले. आजही दीर्घकाळ मद्यपान करणारे, गर्भिणीछर्दीने जर्जर झालेल्या स्त्रिया, केवळ पांढऱ्या भातावर राहणारे व मूत्रल औषधे दीर्घकाळ घेणारे रुग्ण यांच्यात थायमिनची उणीव होते. हातपाय उष्ण, नाडी उसळती आणि तरीही शोथ व श्वास, असे चित्र दिसल्यास हा हेतू आठवावा. थायमिनच्या सूचिकाभरणाने काही तासांत ते दिवसांत उतार पडतो.

चीनमधील केशान परगण्यात १९३५ मध्ये लक्षात आलेला हृदयविकार जमिनीतील सेलेनियमच्या कमतरतेशी निगडित निघाला. १९६५-६६ मध्ये कॅनडातील क्वेबेक येथे बिअरचा फेस टिकावा म्हणून घातलेल्या कोबाल्टमुळे मद्यपींची हृदये निकामी झाली. आपल्या अधिक जवळचे उदाहरण दिल्लीचे आहे. ऑगस्ट १९९८ मध्ये तेथे मोहरीच्या तेलातील भेसळीमुळे साठाहून अधिक माणसे दगावली. भेसळ होती पिवळ्या धोत्र्याच्या बियांच्या तेलाची. या बिया मोहरीसारख्याच दिसतात. त्यांतील विषद्रव्याने केशवाहिन्या झिरपू लागतात, पायांवर शोथ येतो, त्वचा लाल होते आणि हृदय थकते. एकाच घरातील दोन-तीन व्यक्तींना एकाच वेळी पादशोथ झाला तर घरातील तेल तपासावे. हे विष अभ्यंगानेही शरीरात गेल्याची नोंद आहे. म्हणून सिद्ध तैलांसाठी मोहरीचे सुटे तेल खरेदी करणाऱ्या औषधनिर्मात्यांनी भेसळ तपासूनच माल घ्यावा.

*सूतिका.* गर्भावस्थेच्या अखेरच्या महिन्यात वा प्रसूतीनंतर पाच महिन्यांपर्यंत पूर्वी निरोगी असलेल्या स्त्रीचे हृदय अकस्मात दुर्बल होऊ शकते. पायांची सूज व दम यांस ‘बाळंतपणात असे व्हायचेच’ म्हणून घरचे आणि कधी चिकित्सकही सोडून देतात. सूतिकेस आडवे झोपता येत नसेल तर त्याच दिवशी एको झाला पाहिजे. वेळेवर उपचार मिळाल्यास यातील अनेकींचे हृदय पूर्ववत होते.

*पांडु व ग्रंथिविकार.* पांडूच्या पूर्वरूपांत चरकांनी हृदयस्पंदन सांगितलेच आहे. तीव्र पांडूत हृदयास अधिक कष्ट पडतात. परंतु प्रत्येक पांडूस लोह अथवा मंडूर देणे योग्य नव्हे. थॅलेसेमियाच्या रुग्णास वारंवार रक्त द्यावे लागते आणि त्यातील लोह हृदयातच साचते; तेथे लोहकल्प अपायकारक ठरतात. थायरॉइड ग्रंथीचे आधिक्य आणि न्यूनता ही दोन्ही हृदय दुर्बल करतात व दोन्ही साध्य आहेत.

*हृदयावरणाचा संकोच.* क्षयामुळे हृदयाभोवतीचे आवरण जाड व कठीण होते आणि हृदय जणू कवचात कोंडले जाते. पोटात पाणी पुष्कळ, पायांवर सूज त्यामानाने अल्प, असा हा रुग्ण वर्षानुवर्षे यकृतजन्य जलोदराचा म्हणून उपचार घेत राहतो. येथे मानेच्या शिरांकडे पाहावे. यकृतविकारजन्य जलोदरात त्या सहसा फुगलेल्या नसतात. येथे त्या ठळक असतात व श्वास आत घेताना अधिक फुगतात. शस्त्रकर्माने हा व्याधी बरा होऊ शकतो.

*अमायलॉइड.* वृद्ध रुग्णाच्या हृदयात एक विकृत प्रथिन साचते व भिंत जाड होते. एकोत भिंत जाड, पण ईसीजीतील रेषा लहान, ही विसंगती बोलकी असते. दोन्ही मनगटांत नस दबून हातांना मुंग्या येण्याचा इतिहास कित्येक वर्षे आधीचा असतो. पूर्वी रक्तदाबाच्या गोळ्या लागत, आता त्यांच्यावाचून दाब कमी राहतो, हीही एक खूण.

*अर्बुदचिकित्सेनंतर.* स्तनार्बुदादी विकारांत वापरली जाणारी डॉक्सोरुबिसिन, ट्रास्टुझुमॅब यांसारखी औषधे हृदयास अपाय करू शकतात. पहिल्या औषधाचा परिणाम काही वर्षांनंतरही दिसतो. रसायनचिकित्सेसाठी आपल्याकडे आलेल्या अशा रुग्णाच्या थकव्यास केवळ बलक्षय समजू नये.

*कुलज.* भारतीय उपखंडातील सुमारे ४ टक्के लोकांत हृदयाच्या स्नायूतील एका प्रथिनाच्या जनुकात उणीव असते, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. हैदराबादच्या शास्त्रज्ञांचा त्यात प्रमुख वाटा होता. ‘घरात कोणी तरुणपणी अकस्मात गेले का?’ हा एक प्रश्न म्हणून नेहमी विचारावा.

*प्रादेशिक हेतू.* केरळात एके काळी हृदयाच्या आतील अस्तर जाड करणारा विकार गरीब वर्गात मोठ्या प्रमाणात आढळे. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांनी जमिनीतील सीरियम आणि आहारातील मॅग्नेशियमची उणीव यांच्याशी त्याचा संबंध असावा असा विचार मांडला. हृदयशल्यज्ञ असलेल्या याच वलियाथन यांनी पुढे चरक, सुश्रुत व वाग्भट यांच्यावर ग्रंथ लिहिले, हे आपल्या वाचकांस ठाऊक असेलच. देश, आहार आणि व्याधी यांचा संबंध शोधणारी दृष्टी दोन्ही शास्त्रांस समान आहे.

आपल्या हातांतील औषधे

हेतूंच्या यादीत आपण दिलेले औषधही असू शकते, हे मान्य करूनच पुढे जावे लागेल.

श्वासकुठार, त्रिभुवनकीर्ति, आनंदभैरव यांत वत्सनाभ आहे. त्याचे शोधन अपुरे झाले वा मात्रा वाढली तर हृदयाची लय धोकादायक रीतीने बिघडते. म्हणूनच ते द्रव्य औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या विषारी द्रव्यांच्या अनुसूचीत आहे. दम लागतो म्हणून काउंटरवरून श्वासकुठार देणे आणि तो श्वास हृदयजन्य असणे, यापरता अनिष्ट योग नाही.

ज्येष्ठमध दीर्घकाळ व अधिक मात्रेत घेतल्यास शरीरात लवण व जल साचते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब वाढतो. मूत्रल औषध वा डिगॉक्सिन चालू असलेल्यास ते विशेष घातक. याउलट पुनर्नव्यात पोटॅशियमचे क्षार आहेत. स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्या रुग्णात पोटॅशियम वाढू शकते, तेव्हा रक्त तपासावे. शोथात लवण वर्ज्य हे शास्त्रवचन आपण सांगतो, पण लवणभास्कर चूर्ण वा सैंधव चालते असे रुग्ण समजतो. सैंधवही बहुतांशी सोडियम क्लोराइडच होय. मद्यपानाने दुर्बल झालेल्या हृदयास आसवारिष्टांतील स्वयंनिर्मित मद्यार्कही नको. अशा रुग्णास अर्जुन द्यावयाचा तर क्षीरपाक वा चूर्णरूपाने द्यावा.

अर्जुनाविषयी तारतम्य हवे. आरंभीच्या लहान अभ्यासांनी आशा निर्माण केली; पुढील दुहेरी अंध चाचणीत इजेक्शन फ्रॅक्शन वाढल्याचे आढळले नाही. तो सहायक म्हणून वापरावा, चालू औषधांच्या जागी नव्हे. आमवातज्वराच्या रुग्णाचे दर तीन आठवड्यांचे पेनिसिलिन आपल्या सल्ल्याने कधीही बंद होऊ नये.

औषधविक्रेत्यांस दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या लवण व जल साठवून दुर्बल हृदयास अधिक बिघडवितात. पाय सुजलेल्या ग्राहकास त्या सहज देऊ नयेत. आणि हृद्रोग बरा करण्याच्या जाहिरातीस १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याने मनाई आहे. असे फलक दुकानात नसावेत.

त्वरित कोणास पाठवावे?

बसूनही दम लागणारा, गुलाबी फेसाळ कफ पडणारा, मूर्च्छा आलेला, हातपाय गार व रक्तदाब कमी असलेला, छातीत दुखून घाम आलेला, नाडी १२० च्या वर वा ४० च्या खाली असलेला रुग्ण आणि श्वासाची तक्रार करणारी गर्भिणी वा सूतिका, यांना औषध देऊन ‘उद्या दाखवा’ असे सांगू नये. सोबत चिठ्ठी द्यावी व तीत चालू असलेल्या सर्व कल्पांची नावे स्पष्ट लिहावीत. पुढील चिकित्सकास ती माहिती अत्यावश्यक असते.

सर्व तपासण्या आपल्याकडे नसतील. पण उशा किती लागतात हे विचारण्यास, नडगीवर अंगठा दाबण्यास आणि वजन लिहून ठेवण्यास कोणतेही यंत्र लागत नाही. श्वास, शोथ वा श्रम यांची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येक प्रौढ रुग्णाच्या केसपेपरवर वैद्यबंधूंनी ‘हृदय पाहिले’ अशी एक नोंद करण्याचा परिपाठ ठेवावा, आणि दौर्बल्य आढळल्यास त्याखाली ‘हेतू’ हा शब्द लिहून पुढची ओळ भरल्यावाचून चिकित्सेस आरंभ करू नये, अशी आमची विनंती आहे.